हा ‘च’ कोणाचा?

रिसबूड सरांची आणि माझी ओळख एका अक्षरावरून झाली. कॉलेजात मराठी शिकवायला लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. वाङ्मय मंडळाच्या सभेची सूचना मी स्वतःच्या हातानं लिहून फळ्यावर लावली होती, ‘सर्व सभासदांनी उपस्थित राहिलेच पाहिजे.’ दुपारी शिक्षकांच्या खोलीत एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. हातात माझी सूचना होती. फळ्यावरून काढून आणलेली, टाचणीसकट.

“बाई, हा ‘च’ कोणाचा?”

मला वाटलं, अक्षर वाईट आलंय. म्हटलं, “माझाच.”

“हा दुसरा झाला. मी पहिल्याबद्दल विचारतोय. उपस्थित राहिलेच पाहिजे. नाही राहिले तर काय होईल?”

“तसं काही नाही होणार.”

“मग राहिले तर बरं होईल, एवढंच खरं आहे. तेवढंच लिहावं.”

त्यांनी लाल पेनानं त्या ‘च’भोवती एक सुबक वर्तुळ काढून तो खोडला आणि सूचना परत फळ्यावर, त्याच भोकात टाचणी घालून लावून आले. सभेला दोनच माणसं आली. एक मी, कारण सभा माझी होती, आणि दुसरे रिसबूड सर, जे मंडळाचे सभासदही नव्हते. जाताना म्हणाले, “‘च’ ठेवला असता तरी इतकेच आले असते. पण मग बाकीच्यांनी तुमची आज्ञा मोडली असं झालं असतं. आता कोणी काही मोडलेलं नाही. तुम्ही निश्चिंत झोपू शकता.”

सर तर्कशास्त्र शिकवत. जगात जे काही आहे ते शक्य, अशक्य किंवा अनिवार्य या तीन प्रकारांत बसतं, आणि माणसं दिवसभर या तिन्हींची सरमिसळ करून एकमेकांना फसवत असतात, हे त्यांचं एकमेव आणि संपूर्ण तत्त्वज्ञान होतं. त्रिकोणाला तीन कोन असणारच, हा ‘च’ कमावलेला. पाहुण्यांना राहायलाच लागेल, हा ‘च’ फुकटचा. वर्गात ते विचारायचे, “हे नसतं, असं जग तुमच्या डोळ्यांपुढे आणता येतं का? येत असेल तर ते अनिवार्य नाही. नुसतं आहे.” मुलं माना डोलवायची. त्यांच्या वर्गात चार मुलं असायची, त्यामुळे माना डोलवणं टाळणं कोणालाच शक्य नव्हतं.

त्यांचा हा व्यवसाय कॉलेजपुरता असता तर चाललं असतं. पण योगायोगानं आम्ही राहायलाही एकाच इमारतीत होतो, कर्वेनगरात. ते वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. कर्वेनगर त्या काळी पुण्यात होतं की पुण्याबाहेर, हे रिक्षावाल्याच्या मर्जीवर ठरायचं. एकदा शनिपारापाशी मी, माझे यजमान आणि सर, तिघं रिक्षासाठी उभे होतो.

“कर्वेनगर?”

“जमणार नाही,” रिक्षावाला म्हणाला.

सर वाकून आत डोकावले. “जमणार नाही, की यायचं नाही?”

रिक्षावाल्यानं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. “यायचं नाही.”

“धन्यवाद,” सर म्हणाले, आणि आम्हाला दोघांना घेऊन चालत निघाले. पुलापर्यंत पाय दुखायला लागले होते. आमचे हे दर दहा पावलांनी सुस्कारे सोडत होते. सरांचा चेहरा मात्र एखादा चांगला विद्यार्थी भेटावा तसा फुललेला. “काय स्वच्छ उत्तर दिलं हो त्यानं,” असं ते डेक्कनपर्यंत दोनदा म्हणाले.

त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे माई म्हणायचो. ठेंगणी, गोरी, कामाचा प्रचंड उरक असलेली बाई. तिचं नवऱ्याच्या तत्त्वज्ञानाबद्दलचं मत ठरलेलं होतं. ती जिन्यात उभी राहून मला सांगायची, “जेवायला येताय का, असं विचारलं की ‘शक्यता नाकारता येत नाही’ म्हणतात. मी तरी पान वाढून ठेवते. आले नाहीत तर ते पान मी कुठल्या प्रकारात घालू?”

लग्नामुंजीची आमंत्रणं घेऊन येणाऱ्यांची तर पंचाईतच व्हायची. “नक्की यायचं हं सर!” या वाक्याला उभ्या पुण्यात एकच उत्तर आहे, आणि ते दिल्यावर न जाण्याची पूर्ण मुभा असते. सर म्हणायचे, “येण्याची इच्छा आहे. नक्की म्हणता येणार नाही.” माणूस अक्षता ठेवून तोंड पाडून जायचा. आणि कार्याच्या दिवशी सर सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसलेले असायचे. नक्की येतो म्हणणारे निम्मे आलेले नसायचे. तरीही वाईट सरच ठरायचे.

कॉलेजात त्यांचं सगळ्यात मोठं वैर ‘अपरिहार्य’ या शब्दाशी होतं. आमचे प्राचार्य उपासनी हा शब्द मिठासारखा वापरत. अपरिहार्य कारणास्तव सभा पुढे ढकलण्यात येत आहे. अपरिहार्य कारणास्तव ग्रंथालय बंद राहील. अशी सूचना फिरली की सर सूचनांची वही घेऊन थेट प्राचार्यांच्या खोलीत जायचे.

एकदा मी सहीसाठी काही कागद घेऊन तिथेच बसले होते. सर आले, वही टेबलावर ठेवली, आणि खुर्ची न ओढता विचारलं, “परवाची परीक्षा समितीची सभा रद्द झाली. कारण अपरिहार्य होतं असं लिहिलंय. काय होतं?”

“अहो रिसबूड, असतं काहीतरी.”

“काहीतरी अपरिहार्य नसतं. आपण लोणी काळभोरला गेला होतात.”

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदांकडे पाहिलं.

“मेव्हण्याची वास्तुशांत होती,” प्राचार्य जरा घुश्शातच म्हणाले. “आता मेव्हण्याच्या वास्तुशांतीला जाणं टाळता येतं का?”

“येतं. मी स्वतः माझ्या मेव्हण्याच्या वास्तुशांतीला गेलो नव्हतो.”

“आणि मग?”

“मग तो तीन वर्षं बोलत नव्हता. माझ्याशी आणि हिच्याशीही. परिणाम वाईट होता, पण टाळता आलं होतं.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “आपण जायला हवंच होतं साहेब. माझी तक्रार जाण्याबद्दल नाही. ‘मेव्हण्याच्या वास्तुशांतीसाठी सभा रद्द’ असं लिहिलं असतंत तर कोणालाही राग आला नसता.”

प्राचार्यांनी वही ओढून घेतली. पुढच्या वेळी सूचना आली, ‘काही कारणास्तव.’ सरांनी त्यावर लाल पेनानं लिहिलं, ‘प्रगती आहे.’

अशा माणसाचा विभाग बंद करायची वेळ आली तेव्हा ती गोष्ट सोपी जाणार नाही, हे व्यवस्थापन समितीला कळायला हवं होतं. वाणिज्य शाखेला मुलांची रीघ लागली होती, टंकलेखनाच्या वर्गाला जागा नव्हती, आणि तत्त्वज्ञानाच्या चार मुलांना एक अख्खी खोली होती. समितीनं ठराव तयार केला. ‘विद्यार्थिसंख्येअभावी तत्त्वज्ञान विभाग बंद करणे क्रमप्राप्त झाले आहे.’ विभागप्रमुख म्हणून सरांनी खाली सही करायची होती. विभागात तेच प्रमुख आणि तेच बाकी सगळे. मी शिक्षक-प्रतिनिधी म्हणून समितीवर होते, तेव्हा हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

सर आले. ठराव वाचला. खिशातून निळं पेन काढलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला.

“सही करतो,” ते म्हणाले. “फक्त एका ठिकाणी दुरुस्ती हवी. ‘बंद करणे क्रमप्राप्त झाले आहे’ याच्या जागी ‘बंद करण्याचे आम्ही ठरवले आहे’ असं करा.”

“एकच आहे हो ते,” अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे संस्थेला जमीन दिलेल्या घराण्यातले मोठे गृहस्थ. बांधकामाचा व्यवसाय, स्वभावानं दिलदार, पण दुपारी चारनंतर कोणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती.

“एकच असेल तर बदलायला हरकत नसावी.”

उपासनी म्हणाले, “रिसबूड, शब्दांत काय आहे? चार मुलांसाठी विभाग चालवता येत नाही, हे तर तुम्हालाही मान्य असेल.”

“गेली अकरा वर्षं चालवतोय. म्हणजे चालवता येतो. तुम्हाला चालवायचा नाही. तेही मला मान्य आहे. संस्था तुमची, खोली तुमची. बंद करण्याचा तुम्हाला अधिकार आहे. मी त्याच्या आड येत नाही. तुम्ही ठरवलंत, तर ‘ठरवलं’ लिहा. विभाग काही आपणहून मरत नाहीये.”

“म्हणजे उद्या वर्तमानपत्रात कोणी लिहिलं, पुण्यासारख्या गावात तत्त्वज्ञान बंद पाडलं म्हणून, तर नाव आमचं?” अध्यक्षांनी विचारलं.

“तुमचंच,” सर म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, “बाई, हा ‘च’ बरोबर आहे.”

अध्यक्षांनी समितीकडे पाहिलं. एक वकील होते, त्यांनी आपल्या चष्म्याची काच पुसायला घेतली. एक डॉक्टर होते, त्यांना दवाखान्याची आठवण झाली. ‘आम्ही ठरवले आहे’ या तीन शब्दांखाली सही करायला सात जणांपैकी एकही माणूस तयार होईना. विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेत तो त्याच्या पुढच्या सभेवर गेला. असं करत तत्त्वज्ञान विभाग आणखी सहा वर्षं टिकला, आणि तो कोणाच्या विद्याप्रेमामुळे टिकला नाही, हे मी समितीवर बसून पाहिलेलं आहे. शेवटी तोडगा म्हणून खोलीच्या मध्ये प्लायवूडचं पार्टिशन घातलं. एका बाजूला वीस टाइपरायटर, दुसऱ्या बाजूला तर्कशास्त्र. सर मोठ्यानं शिकवायला लागले. टंकलेखनाच्या मुली सांगायच्या की परीक्षेत बोटं चालेनाशी झाली की त्यांच्या कानात ‘हे नसतं असं जग डोळ्यांपुढे आणा’ हे वाक्य घुमायचं.

सर निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली नाही आणि पत्रक निघालं, ‘पद रिक्त राहिल्याने विभाग आपोआप बंद झाला आहे.’ मी ते वर जाऊन त्यांना दाखवलं. मला वाटलं होतं, चिडतील. ते बराच वेळ त्या कागदाकडे कौतुकानं बघत राहिले. “आपोआप!” म्हणाले. “हा मला सुचला नव्हता.”

दुसऱ्याच्या तोंडून ‘च’ काढून घेणाऱ्या माणसावर स्वतःच्या घरात तो वापरायची वेळ मात्र निवृत्तीच्या बरीच आधी, विभाग बंद करायचा ठराव आला त्याच वर्षी आली, शुभदाच्या लग्नात.

शुभदा त्यांची एकुलती एक मुलगी. बापाची उंची आणि आईचा उरक. शेतकी कॉलेजात शिकत होती आणि तिथेच तिला रमेश भेटला. पुण्याजवळच्या मांजरी गावचा. घरची ऊसशेती, बारा माणसांचं एकत्र कुटुंब, आणि अर्थातच वेगळी जात. तिनं एका रविवारी सकाळी हे घरात सांगितलं. मी त्या वेळी माईकडून विरजण घ्यायला वर गेले होते आणि वाटी हातात घेऊन मधल्या दारात अडकले.

माई म्हणाली, “शक्यच नाही.” ती ते म्हणणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण पाठोपाठ खुर्चीतून सरांचा आवाज आला, “नाही शुभदा. हे शक्य नाही.”

शुभदा रडली नाही, भांडली नाही. तिनं बापाकडे नीट बघून विचारलं, “कोणत्या अर्थानं, बाबा?”

“म्हणजे?”

“म्हणजे त्रिकोणाला चार कोन असणं शक्य नाही तसं, की तुम्हाला आवडलेलं नाही म्हणून?”

सर उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी विरजण न घेताच खाली आले. त्या दिवशी आमच्याकडे दही लागलं नाही.

दोन दिवस ते कॉलेजात आले नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला आणि आमच्या ह्यांना वर बोलावलं, साक्षीदार म्हणून. दिवाणखान्यात माई भिंतीकडे तोंड करून बसली होती. सर उभे होते, वर्गात उभे राहायचे तसे.

“शुभदा, परवा मी एक शब्द चुकीचा वापरला. तो मागे घेतो. हे लग्न शक्य आहे. मला ते नको आहे. लोक काय म्हणतील याची मला भीती वाटते, तुला तिथलं आयुष्य झेपेल का याची काळजी वाटते, आणि मला ते नकोच आहे. पण अशक्य नाही. माझ्या नको असण्याचं पुढे काय करायचं ते तू ठरव.”

माई ताडकन वळली. “म्हणजे शब्दात हरलात म्हणून मुलगी देऊन टाकायची?”

“हरलो म्हणून नाही गं,” सर म्हणाले. “खोटं बोललो होतो म्हणून.”

माई उठून स्वयंपाकघरात गेली आणि आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. ती आधीच घासून ठेवलेली होती.

मांजरीला बोलणी करायला माई येईना, तेव्हा सर आम्हाला दोघांना घेऊन गेले. बसमध्ये मला म्हणाले, “तुम्ही मराठीच्या आहात. त्यांची बोली जरा वेगळी असेल. काही अडलं तर सांगत चला.” मला राग आला.

रमेशचे वडील, त्यांना घरात तात्या म्हणत, ओट्यावर घोंगडं अंथरून आमची वाट बघत होते. पाणी झालं, चहा झाला. सरांनी घसा साफ केला.

“तात्यासाहेब, प्रस्तुत विवाह अशक्य आहे असं माझं प्रतिपादन नाही. तथापि तो मला इष्ट वाटत नाही. मात्र इष्ट नसणं हे त्याच्या आड येण्याचं पुरेसं कारण आहे, असंही मी मानत नाही.”

तात्या माझ्याकडे वळले. “बाई, सर काय म्हणत्यात?”

“त्यांना हे लग्न नको आहे,” मी सांगितलं, “पण ते अडवणार नाहीत.”

“आत्ता!” तात्यांनी मांडीवर थाप मारली. “मग आमचं बी त्येच हाय की! आमाला बी नगं हाय. भावकी म्हणती, बामनाची पोरगी, उसाच्या रानात टिकायची न्हाई.”

“टिकायची नाही,” सर पुढे सरकले, “की टिकणं अवघड आहे?”

तात्यांनी खरंच विचार केला. पुण्यातल्या सात विद्वानांनी केला नव्हता इतका. “अवघड हाय,” ते म्हणाले.

“म्हणजे शक्य आहे.”

“तुमी म्हणता तर आसंल.” मग तात्या आतल्या दाराकडे वळून ओरडले, “अगं, गूळ आण गं नवा!”

अशी ती बोलणी झाली. लग्न नको असलेले दोन बाप एकाच घोंगड्यावर बसून गूळ खात होते, एकमेकांवर कमालीचे खूश होते, आणि संध्याकाळच्या आत तारीख धरून मोकळे झाले होते. परतताना बसमध्ये सर म्हणाले, “फार स्पष्ट माणूस आहे. आपल्याकडे असा एक प्राचार्य असता तर!” मी त्यांना विचारलं नाही की भाषेची अडचण कोणाला आली.

माई लग्नाला आली, पण सबंध दिवस कोणाशी बोलली नाही. शुभदा मांजरीत टिकली. अवघड गेलं तिला, ते मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी दोनदा बॅग घेऊन आली होती. दोन्ही वेळा सरांनी तिला जा म्हटलं नाही आणि राहा म्हटलं नाही. दोन्ही वेळा ती आपली आपण गेली. मग तिनं तिथे रोपवाटिका काढली, आणि माई महिन्यातून एकदा भरलेल्या पिशव्या घेऊन मांजरीच्या बसमध्ये चढायला लागली. कोणी विचारलं तर म्हणायची, “जायलाच लागतं हो.” सर हे ऐकायचे आणि त्या ‘च’ला हात लावायचे नाहीत.

सर निवृत्त झाल्यानंतर चार वर्षांनी माईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. अगदी सगळी गेली नाही. एक शब्द राहिला, ‘नको’. एवढी बोलकी बाई, आणि तिच्याकडे उरलेला शब्द कोणता, तर हा. पाणी हवं असलं तरी नको, खिडकी उघडायची असली तरी नको, शुभदाची मुलगी मांडीवर येऊन बसली तरी डोळ्यांतून पाणी काढत नको, नको.

सर तिचं सगळं करायला लागले. अंघोळ, कपडे, वेणी, जेवण. ज्या माणसाला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नव्हतं तो रोज सकाळी गॅलरीत बसून बायकोची वेणी घालताना दिसायला लागला. वेणी वाकडी यायची. शुभदा मांजरीहून येऊन म्हणायची, आईला माझ्याकडे घेऊन जाते. जावई म्हणायचा, दोघंही चला. तात्या स्वतः जीप घेऊन आले होते. सर कोणालाच हो म्हणेनात. वजन उतरलं, हात थरथरायला लागले. शेवटी शुभदानं मला गळ घातली, बाई, तुम्ही बोलून बघा, तुमचं ऐकतील.

मी गेले. ते माईच्या चादरी पिळत होते. मी म्हटलं, “सर, निदान दिवसा एखादी बाई ठेवा. माझ्या ओळखीची आहे, चांगली आहे. तसं करणं शक्य आहे.”

“नाही बाई. शक्य नाही.”

वीस वर्षं या माणसानं माझ्या वह्यांत लाल वर्तुळं काढली होती. मला राहवलं नाही. “कोणत्या अर्थानं, सर?”

त्यांच्या हातातली चादर तशीच राहिली. पाणी त्यांच्या पावलांवर ठिबकत होतं. मला वाटलं, आता हसतील, किंवा शब्द मागे घेतील. त्यांनी तसं काही केलं नाही.

“माणसं मिळतात,” ते सावकाश म्हणाले. “शुभदा रोज विचारते. ही दुसऱ्याच्या हातून जेवते आहे, असं जग मला डोळ्यांपुढे आणता येतं. अगदी स्पष्ट येतं. म्हणजे माझ्या व्याख्येनं ते शक्य आहे. आणि तरी मला शक्य नाही.” मग म्हणाले, “हा प्रकार मी कधी शिकवला नाही. मला ठाऊकच नव्हता. चार मुलं होती, निदान त्यांना तरी सांगायला हवं होतं.”

मी चादरीचं दुसरं टोक धरलं. आम्ही ती पिळून वाळत घातली. बाईचा विषय मी पुन्हा काढला नाही, आणि शुभदाला सांगितलं की माझ्याकडून जमलं नाही. ती म्हणाली, “जमलं नाही, की केलं नाही?” मी म्हटलं, “केलं नाही.”

त्यानंतर जिन्यात भेटले की ते मला माईच्या ‘नको’बद्दल सांगायचे. कधी काळी एखाद्या नव्या पुस्तकाबद्दल सांगायचे त्याच उत्साहानं. “बाई, आज एक नवा सापडला. शेवट जरा वर उचलते. त्याचा अर्थ, थांब.” किंवा, “दुपारचा आणि सकाळचा वेगळा आहे हं. दुपारच्यात राग असतो.” मला ते सगळे सारखेच ऐकू यायचे. एकदा मनात येऊन गेलं की म्हातारा आपल्या समाधानासाठी बायकोच्या तोंडी वाक्यं घालतोय. हे मी कोणाला बोलले नाही.

आमच्या ह्यांची निवृत्ती झाली आणि आम्ही मुलाकडे नागपूरला कायमचं जायचं ठरवलं. ठरवलं हे खरं. जावं लागलं वगैरे नाही. निघायच्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला वर गेले. दार उघडंच होतं. गॅलरीत ऊन आलेलं. माई खुर्चीत, गळ्याशी पंचा खोचलेला. सर तिच्यासमोर वेताच्या मोढ्यावर, माझ्याकडे पाठ. हातात मऊ भाताची वाटी.

त्यांनी चमचा पुढे केला. माईनं ओठ मिटले. “नको.”

सरांनी चमचा वाटीत ठेवला. समोरच्या गच्चीवर कोणीतरी सांडगे घालत होतं, तिकडे बघत बसले. माईही तिकडेच बघत होती. किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण हलायचा धीर होईना.

मग माई म्हणाली, “नको.”

सरांनी चमचा उचलला. तिनं तोंड उघडलं. भात गेला. त्यांनी पंच्याच्या टोकानं तिची हनुवटी टिपली आणि दुसरा घास कालवायला लागले.

तेवढ्यात माईचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिनं डावा हात खुर्चीच्या हातावरून थोडा उचलला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि जरा मोठ्यानं म्हणाली, “नको!”

मी वळायला लागले.

“बाई आल्या आहेत का?” सर मागे न बघता म्हणाले. “जाऊ नका. ती बसा म्हणतेय.”

मी माईकडे पाहिलं. ती मान हलवत होती, हो, हो, अशी.

मी बसले.